कडबा, गुळी, वाढे : पिकांच्या अवशेषांचे चारामूल्य

दाणा माणसाला आणि धाट जनावराला, ही वाटणी मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीच्या मुळाशी आहे. धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि आसपासच्या गावांत पावसाळा सरला की बांधावरचे गवत महिना-दोन महिन्यांत वाळून जाते. तिथून पुढच्या जून-जुलैपर्यंत दावण चालते ती ज्वारीच्या कडब्यावर, सोयाबीन-हरभऱ्याच्या गुळीवर, तुरीच्या भुसकटावर, थोड्याफार गव्हाच्या भुशावर आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्याकडे उसाच्या वाढ्यांवर. हिरवा चारा बारमाही मिळणारी जनावरे थोडी. बाकीच्यांची वाढ, दूध, गाभण राहणे आणि ओढकाम करण्याची ताकद या वाळल्या वैरणीतून काय मिळते त्यावर ठरते. ही वैरण पोट भरते, पण अंगी फारसे लागू देत नाही: प्रथिने थोडी, पचन मंद, खनिजांचे प्रमाण बिघडलेले. हा दोष कमी करण्याचे मार्ग आहेत आणि ते सिद्ध झालेले आहेत. मात्र कडब्याला लागू पडणारा उपाय गुळीला लागू पडत नाही आणि भुशाचा उपाय वाढ्यांना चालत नाही. प्रत्येक अवशेषाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो ओळखूनच उपाय निवडावा लागतो.

या भागातील वैरणीचे स्वरूप गेल्या काही दशकांत पार बदलले. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून येथील काळ्या रानात रुजली. तिचे दाणे भाकरीला चांगले, तसा तिचा उंच, गोडसर, पानाळ कडबा जनावरांच्या आवडीचा. ज्वारीत दाण्याच्या सुमारे दुप्पट वजनाचा कडबा निघतो. म्हणजे एकाच पिकात घराची भाकरी आणि गोठ्याची वैरण. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपात दाण्याचे उत्पादन वाढले, पण ठेंगण्या, जाड धाटांच्या कडब्यावर शेतकरी कधीच खूश नव्हता. पुढे सोयाबीन आले. नगदी पैसा, तीन-साडेतीन महिन्यांत मोकळे होणारे रान आणि नंतर हरभऱ्याची सोय यांमुळे खरीप ज्वारी, मूग आणि उडीद यांची जागा सोयाबीनने घेतली. त्याबरोबर गंजीतला कडबा घटला आणि मळणी यंत्रातून उडणारी गुळी वाढली. चारा-प्रक्रियेवरचे बहुतेक संशोधन गव्हाच्या आणि भाताच्या काडावर झालेले आहे. बेंबळीसारख्या गावाला त्याचा उपयोग करून घ्यायचा तर ते जसेच्या तसे उचलून चालत नाही.

वाळल्या वैरणीचे दूध किंवा मांस होते कसे, हे समजल्याशिवाय कोणत्याही प्रक्रियेचे मर्म कळत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांतले कोटीपोट सर्वांत मोठे. मोठ्या गाईत त्याची क्षमता शंभर लिटरच्या आसपास असते. त्यात अब्जावधी जिवाणू, आदिजीव आणि बुरशी राहतात. धाटातील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे तंतुमय पदार्थ तोडणारे विकर गाईच्या शरीरात तयार होत नाहीत, या सूक्ष्मजीवांकडे ते असतात. ते तंतू कुजवतात, त्यातून बाहेर पडणारी मेदाम्ले गाईच्या रक्तात जाऊन तिला ऊर्जा देतात आणि पुढे वाहत गेलेले सूक्ष्मजीव खऱ्या पोटात व आतड्यात पचून तिला प्रथिने पुरवतात. वैरण गाईला घातली जाते, पण ती आधी खातात सूक्ष्मजीव. ते उपाशी राहिले तर गव्हाण भरलेली असूनही गाय खंगते.

सूक्ष्मजीवांना नत्र लागते. आहाराच्या शुष्क पदार्थात साधारण ७ टक्के कच्ची प्रथिने असली तर त्यांचे काम नीट चालते. त्याखाली गेले की कोटीपोटातली कुजण्याची क्रिया मंदावते, वैरण दोन-तीन दिवसांऐवजी अधिक काळ पोटात अडकून राहते, पोट रिकामे होत नाही आणि जनावर खाणेच कमी करते. कडब्यात प्रथिने ३ ते ५ टक्के असतात, गव्हाच्या भुशात ३ टक्क्यांच्या आसपास. ४०० किलो वजनाची गाय दिवसाला ८ किलो शुष्क पदार्थ खाते असे धरले आणि तो सारा साडेतीन टक्के प्रथिनांचा कडबा असला, तर तिला मिळतात २८० ग्रॅम कच्ची प्रथिने. सूक्ष्मजीवांची किमान गरजच ५६० ग्रॅमची. म्हणजे निम्मी तूट, आणि तीही दुधाचा हिशेब धरण्याआधी. ही तूट भरून निघाली की तोच कडबा जास्त खाल्ला जातो आणि जास्त पचतो. म्हणून अवशेषांचे मूल्य वाढवण्याचा सर्वांत जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे त्यांच्या जोडीला थोडे नत्र देणे: मूठभर सरकी पेंड, लसूण घासाची पेंडी, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला. थोडा हिरवा पालाही मोठा फरक पाडतो, कारण तो नत्राबरोबर खनिजे आणि कॅरोटीनही आणतो.

दुसरी अडचण धाटाच्या रचनेतच आहे. वनस्पती पिकत जाते तसे तिच्या पेशीभित्तिकांत लिग्निन साठते. हे काष्ठद्रव्य सेल्युलोजला असे वेढून बसते की सूक्ष्मजीवांच्या विकरांना आत शिरायला वाट राहत नाही. लिग्निन स्वतः कोटीपोटात पचत नाही आणि ज्याला ते चिकटते त्यालाही पचू देत नाही. खोडात ते जास्त, पानात कमी. ज्वारीच्या पानांत प्रथिने खोडाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि पानांची पचनीयताही अधिक असते. म्हणून पाने टिकलेला कडबा आणि पाने झडून नुसती धाटे राहिलेला कडबा हे दोन वेगळे चारे मानावेत. ज्वारी दाणे भरण्याच्या वेळी पाण्याच्या ताणात सापडली आणि तिला खडखड्या रोग लागला की खोड आतून पोकळ होते, धाटे लोळतात, पाने अकाली करपतात. दाणा तर हलका होतोच, वैरणीचा कसही जातो.

चारामूल्याची सर्वांत मोठी गळती सुगीत आणि गंजीत होते, आणि प्रक्रियेच्या चर्चेत हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. रब्बी ज्वारी येथे बहुधा मुळासकट उपटून काढतात, ओळीने पाथरतात, कणसे खुडून घेतात आणि मग पेंढ्या बांधतात. दाणा पक्व झाल्यावर ताटे जितके दिवस उभी राहतील तितकी पाने वाळून गळतात. भर उन्हात पेंढ्या बांधताना पानांचा चुरा होतो. सकाळच्या गारव्यात पेंढी बांधली तर पाने धाटाला टिकून राहतात. मुळांना चिकटलेली माती झटकली नाही तर ती गव्हाणीत येते. गंजी रचताना बुडाशी दगड किंवा लाकडे टाकून जमिनीचा ओलावा तोडणे, शेंडे आत आणि बुडखे बाहेर ठेवणे, माथा उतरता करून झाकणे या गोष्टी जुन्या शेतकऱ्यांना शिकवाव्या लागत नसत. आज मजुरीच्या ओढाताणीत त्या सुटतात. फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी पाऊस हा या भागातला नेहमीचा धोका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यात काढणीला आलेल्या ज्वारी-हरभऱ्याची दैना केली. भिजलेल्या कडब्यातील विद्राव्य साखर आणि खनिजे धुऊन जातात, तो काळा पडतो आणि त्यावर बुरशी येते. काळा पण बुरशी नसलेला कडबा वाळवून, नत्राची जोड देऊन वापरता येतो. बुरशी आलेला कडबा कोणत्याही प्रक्रियेने सुधारत नाही. तो जनावराला घालू नये, खताच्या खड्ड्यात टाकावा.

कुट्टीचा विचार यानंतर येतो. अख्खा कडबा घातलेल्या गव्हाणीत सकाळी पाहिले तर काय उरते ते स्पष्ट दिसते: वरची पाने आणि कोवळे शेंडे संपलेले, मधल्या कांड्या अर्धवट चघळलेल्या आणि बोटाएवढे जाड बुडखे शेणा-मुतात तुडवलेले. घातलेल्या वैरणीचा तिसरा हिस्सा असा जाणे नवलाचे नाही. कडबाकुट्टी यंत्राने दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले की ही नासाडी बरीच थांबते, चघळण्याचे श्रम वाचतात, पेंड किंवा खनिज मिश्रण वैरणीत सारखे मिसळते आणि तीच गंजी अधिक दिवस पुरते. दुष्काळी भागात एवढा लाभ पुरेसा मोठा आहे. परंतु कुट्टीने धाटाची पचनीयता वाढत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. लिग्निनचे कवच तुकडे केल्याने सुटत नाही. उलट अख्ख्या कडब्यातून जनावर चांगला भाग निवडून खाते. कुट्टीत ती निवड संपते आणि बुडख्याचे तुकडेही त्याच्या पोटात जातात. म्हणून वैरण मुबलक आणि जनावर दुभते असेल तेव्हा त्याला थोडे जास्त घालून निवडू द्यावे आणि उरलेली उष्टी वैरण कुट्टी करून भाकड जनावराला किंवा बैलाला द्यावी, ही रीत शास्त्राला धरून आहे. वैरण तुटीची असेल तेव्हा सरळ कुट्टी करावी. पिठासारखी बारीक कुट्टी मात्र टाळावी. ती कोटीपोटातून लवकर निसटते आणि रवंथही कमी होतो.

लिग्निनचे कवच सैल करायचे तर अल्कली लागते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चाऱ्याची टंचाई पडली, त्या काळात तेथील रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट बेकमान यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काड भिजवून आणि मग धुऊन त्याची पचनीयता वाढवण्याची पद्धत बसवली. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती परिणामकारक होती, पण खर्चिक, हात भाजणारी आणि पाणी व जमीन खारवणारी. पुढे कॉस्टिक सोड्याची जागा अमोनियाने घेतली. अमोनियाच्या टाक्या भारतातील खेड्यांत आणणे शक्य नव्हते. युरिया मात्र प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतो. ओल्या काडात युरिया मिसळून हवाबंद ठेवला की काडावरच्या जिवाणूंमधील युरिएज हे विकर त्याचे अमोनियात रूपांतर करते. हा अमोनिया एकाच वेळी दोन कामे करतो: लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांच्यातील बंध सैल करतो आणि वैरणीत नत्र सोडतो. चीनने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत सरकारी पाठबळाने मोठ्या प्रमाणावर राबवली आणि मध्य चीनच्या गहू-मका पट्ट्यातील गोमांस उत्पादन तिच्या आधारावर वाढले.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. १०० किलो वाळल्या भुशाला किंवा कुट्टीला ४ किलो युरिया आणि सुमारे ५० लिटर पाणी हे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते. जमिनीवर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरून वैरणीचा वीतभर थर पसरावा, पाण्यात युरिया पूर्ण विरघळवून ते द्रावण झारीने सारखे शिंपावे, पायाने दाबावे आणि वर दुसरा थर घालावा. दाबणे महत्त्वाचे, कारण आत हवा राहिली की बुरशी येते. सगळे थर झाल्यावर वरून प्लास्टिकने झाकून कडा मातीने लिंपाव्यात. उन्हाळ्यात तीन आठवडे पुरतात, थंडीत चौथा लागतो. झाकण काढल्यावर अमोनियाचा तिखट वास डोळ्यांना झोंबला, रंग फिकट पिवळ्याचा गडद तपकिरी झाला आणि मुठीत दाबल्यावर काड मऊ लागले, तर प्रक्रिया साधली. रोजच्यापुरती वैरण एका बाजूने काढून तास-दोन तास मोकळ्या हवेत पसरावी आणि मग घालावी. पहिले एक-दोन दिवस जनावर नाक मुरडते. साध्या वैरणीत मिसळून आठवडा-दहा दिवसांत प्रमाण वाढवत नेले की सवय होते.

हिशेब असा: युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून ४ किलो युरियातून १ किलो ८४० ग्रॅम नत्र वैरणीत जाते, प्रथिनांच्या भाषेत ते साडेअकरा किलो होते. त्यातला निम्म्याहून अधिक अमोनिया उघडल्यावर हवेत उडून जातो. जे उरते त्याने भुशाची कच्ची प्रथिने ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांवर येतात, म्हणजे सूक्ष्मजीवांना लागणारी किमान पातळी गाठली जाते. पचनीयता ४५ टक्के असेल तर ती ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि जनावर वैरण जास्त खाऊ लागते.

याच युरियाने जनावर मरतेही, म्हणून या विषयावर लिहिताना धोका बारीक अक्षरांत टाकता येत नाही. तीन आठवड्यांची प्रक्रिया आणि वैरणीवर युरियाचे पाणी शिंपडून लगेच घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या रीतीत युरियाचे प्रमाण १०० किलोला १ ते २ किलोच ठेवतात आणि त्यात गूळ किंवा मळी, मीठ आणि खनिज मिश्रण घालतात. साखरेतून मिळणाऱ्या ऊर्जेमुळे सूक्ष्मजीव अमोनिया लगेच वापरतात. प्रक्रियेचे ४ किलोचे प्रमाण शिंपडण्याला लावले, युरिया नीट विरघळला नाही किंवा बादलीतले द्रावण जनावराने पिऊन टाकले, तर रक्तात अमोनिया चढतो. जनावर थरथरते, तोंडातून फेस येतो, पोट फुगते, ते कोसळते. अशा वेळी भरपूर थंड पाण्यातून व्हिनेगर पाजतात आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलावतात, पण हाताशी वेळ फार थोडा असतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना, घोड्या-गाढवांना आणि आजारी किंवा उपाशी जनावराला युरियायुक्त वैरण कधीही देऊ नये. युरियाचे पोते गोठ्यात ठेवू नये.

इतकी परिणामकारक पद्धत गावोगाव का रुजली नाही, याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि नेदरलँड्स यांच्या सहकार्याने १९८० आणि १९९० च्या दशकांत ‘बायोकॉन’ नावाचा प्रकल्प चालला. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ ही संस्थाही त्यात होती. त्या कामातून दिसले ते असे की युरिया-प्रक्रिया जीवशास्त्राच्या कसोटीला उतरते, पण परवडते ती ठरावीक परिस्थितीतच: भुसा भरपूर आणि स्वस्त, हिरवा चारा दुर्मिळ, पेंड महाग, पाणी आणि मजूर उपलब्ध आणि जनावर मध्यम उत्पादनाचे. बेंबळीत मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला १०० किलो भुशासाठी ५० लिटर पाणी काढणे जड जाते. म्हणून येथे ही प्रक्रिया करायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, गव्हाचा भुसा घरात आल्याबरोबर आणि विहिरीत पाणी असताना. पानाळ मालदांडी कडब्यावर ती करण्याची गरज नाही. त्याला कुट्टी आणि थोडी पेंड पुरते. जाड धाटांचा संकरित कडबा आणि गव्हाचा भुसा यांवर मात्र ती खर्च भरून देते.

सोयाबीनच्या गुळीची कथा वेगळी आहे, आणि सध्याच्या बेंबळीत तीच सर्वांत महत्त्वाची. सोयाबीन काढणीला येईपर्यंत पाने झडून जातात. गुळीत उरतात ती खोडे, फांद्या आणि शेंगांची टरफले. प्रथिने भुशापेक्षा थोडी जास्त, ५ टक्क्यांच्या आसपास, पण खोडात लिग्निन बरेच. अल्कलीने जे बंध सुटतात ते गवतवर्गीय पिकांच्या काडात मुबलक असतात, द्विदल पिकांच्या खोडांत फार थोडे. म्हणून गव्हाच्या भुशावर चालणारी युरिया-प्रक्रिया गुळीवर फारसा परिणाम करत नाही, आणि त्यात घातलेला पैसा वाया जातो. गुळीचे मूल्य वाढते ते निवडीने आणि मिश्रणाने. टरफले खोडापेक्षा चांगली पचतात. मळणीच्या वेळी हलकी टरफले आणि जड काड्या वेगवेगळ्या पडत असतील तर त्यांचे ढीग वेगळे ठेवावेत. टरफले दुभत्या जनावराला आणि शेळ्यांना द्यावीत, काड्या इतर वैरणीत मिसळाव्यात. धूळ आणि माती चाळून काढली की खाणे वाढते. नुसत्या गुळीवर जनावर ठेवू नये. कडबाकुट्टीत ती तिसऱ्या हिश्शापर्यंत मिसळून वर मिठाचे पाणी शिंपडले तर जनावर ती आवडीने खाते. मळणीनंतर गुळी रानातच पेटवून देण्याची सवय काही ठिकाणी लागली आहे. ज्या जिल्ह्यात दर काही वर्षांनी चाराछावण्या उघडाव्या लागतात, तिथे ही सवय परवडणारी नाही.

हरभऱ्याची गुळी सोयाबीनच्या गुळीपेक्षा सरस, तुरीचे भुसकट त्याहून सरस आणि भुईमुगाचा वाळलेला पाला सर्वांत सरस. त्याची प्रथिने ८ ते १० टक्क्यांपर्यंत जातात, म्हणून त्याला वैरण न मानता पेंडीच्या जागी वापरावे. तुरीच्या पाल्याचे आणि शेंगांच्या टरफलांचे भुसकट उस्मानाबादी शेळीचे आवडते खाद्य आहे. याच जिल्ह्याचे जुने नाव मिळालेली, जुळी करडे देण्यासाठी ओळखली जाणारी ही शेळी मुळात निवडून खाणारी. तिला जाड धाट घालणे व्यर्थ, पण भुसकट आणि उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा मिळाल्या की ती तग धरते. बाभळीच्या शेंगांत प्रथिने चांगली असतात, टॅनिनही असते. त्यामुळे त्या रोजच्या आहारात थोड्याच असाव्यात.

उसाची वाढे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, गाळपाच्या हंगामात, गावात येतात. ऊसतोड कामगारांच्या हाती चार पैसे देणारी ती एक वस्तू आहे. ती हिरवी दिसतात म्हणून हिरवा चारा समजली जातात, पण त्यांत प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियमला बांधून बाहेर काढते. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या गाईचे दूध घटते, हाडे ठिसूळ होतात, विल्यानंतर ती बसकण मारते. चुन्याच्या निवळीचा शिडकावा आणि रोजचे खनिज मिश्रण हा त्यावरचा साधा उतारा. हंगामात वाढे स्वस्त असताना त्यांची कुट्टी करून मुरघास केला तर ती उन्हाळ्यापर्यंत टिकतात. वाढ्यांतली साखर मुरण्याच्या क्रियेला मदत करते, आणि मुरघासाचा खड्डा किंवा पिशवी दाबून हवाबंद करण्याचे तंत्र युरिया-प्रक्रियेसारखेच आहे.

कोणत्याही अवशेषाला खनिजांची जोड लागतेच. वाळल्या वैरणीत स्फुरद कमी असते. त्याची उणीव पडलेले जनावर माती चाटते, हाडे आणि चपला चघळते. कॅरोटीन वाळताना नष्ट होते, म्हणून हिरवे न मिळालेल्या गाभण गाईची वासरे अशक्त निघतात आणि गाय वारंवार उलटते. मोठ्या जनावराला दिवसाला ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि तेवढेच मीठ, दुभत्याला त्याहून अधिक, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. युरिया, मळी आणि खनिजे एकत्र दाबून केलेल्या चाटणविटा आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ आर. ए. लेंग यांच्या सहकार्याने १९८० च्या दशकात प्रचारात आणल्या. जनावर ती वीट दिवसभर थोडी थोडी चाटते, त्यामुळे युरिया एकदम पोटात जात नाही. नत्र देण्याचा हा सुरक्षित मार्ग आहे. लिग्निन खाणाऱ्या बुरशा वापरण्याच्या जैविक पद्धतींवरही बरेच काम झाले. त्यांतील ‘कर्नाल पद्धत’ प्रसिद्ध आहे. पण बुरशी स्वतःच्या वाढीसाठी वैरणीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते आणि नको ती बुरशी शिरण्याची भीती राहते, त्यामुळे गोठ्याच्या पातळीवर ती पद्धत आज सुचवण्याजोगी नाही.

सर्वांत स्वस्त सुधारणा बियाण्यात होते. हैदराबादच्या वैरण बाजारात पटानचेरूच्या इक्रिसॅट आणि आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था यांनी २००४-०५ मध्ये केलेल्या पाहणीत आढळले, की पचनीयता ४७ टक्के असलेल्या आणि ५२ टक्के असलेल्या ज्वारीच्या कडब्याच्या भावात सुमारे २५ टक्के अंतर होते. प्रयोगशाळेत न जाताही गवळी रंग, पाने आणि गोडी पाहून कस ओळखत होते. आपल्याकडे कडबा शेकड्यावर विकला जातो. पेंढीचा आकार गावागणिक बदलतो आणि कसाला भाव मिळत नाही, ही मोठी उणीव आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी दिलेले परभणी मोती, फुले वसुधा, फुले रेवती यांसारखे रब्बी वाण निवडताना दाण्याइतकाच कडब्याचाही विचार व्हावा. दोन-चार एकर सोयाबीन घेणाऱ्या घराने एक एकर रब्बी ज्वारी राखली तर त्या घरची दावण बाजारावर फारशी अवलंबून राहत नाही.

दुष्काळ हा या विषयाचा वेगळा अध्याय नव्हे, तो येथील नेहमीचा संदर्भ आहे. १९७२ नंतर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ मध्ये मराठवाड्याने वैरणीसाठी वणवण पाहिली. छावण्यांतून जनावरांना बव्हंशी ऊस आणि वाढे मिळाली. त्यांत साखर होती, प्रथिने जवळजवळ नव्हती. अशा आहारावर जनावर जिवंत राहते, पण पुढचे वेत लांबते. चांगल्या वर्षातला शिलकी भुसा आणि गुळी मळी-खनिजांसह दाबून ठोकळे केले तर ते बराच काळ साठवता येतात आणि वाहतुकीलाही सोपे पडतात. गावपातळीवर चारा बँकेचा विचार करताना नुसत्या गंज्यांपेक्षा या ठोकळ्यांना आधी स्थान द्यावे. सगळे अवशेष गव्हाणीत जावेत असाही आग्रह नसावा. पाचट आणि तुराट्या जनावराच्या उपयोगाच्या नाहीत. पाचट रानात कुजू द्यावे, जमिनीलाही तिचा वाटा लागतो.

ज्या घरात दोन गाई, एक बैलजोडी आणि चार शेळ्या आहेत, त्या घराने खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी खनिज मिश्रण आणि मीठ, मग कुट्टी, मग शेवरी-सुबाभूळ किंवा लसूण घासाचा एखादा वाफा, आणि शेवटी भुशावर युरिया-प्रक्रिया. दिवसाला दहा-पंधरा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईची भूक यातल्या कोणत्याही अवशेषाने भागत नाही. तिला हिरवा चारा आणि पशुखाद्य द्यावेच लागते. भाकड गाय, वाढती कालवड, बैल आणि कमी दुधाची म्हैस यांच्यासाठी मात्र सुधारलेली वैरण पुरेशी आहे. ताडपत्री, कुट्टी यंत्राची दुरुस्ती आणि खनिज मिश्रणाची पिशवी यांची तजवीज दिवाळीतच करून ठेवावी; मार्चमधला पहिला अवकाळी पाऊस गंजीवर पडल्यावर त्यांचा निम्मा उपयोग संपलेला असतो.